विश्वामित्रीचा प्रश्न आणि पक्षाच्या वॉर्ड बैठका : पार्श्वभूमी

नदी वाचवायची असेल तर पक्षाच्या वॉर्ड बैठकीला जाऊन बसा, असा सल्ला बडोद्यात पूर्वी सहसा कुणी देत नसे. इथली पर्यावरणाची जुनी भांडणं कारखान्यांशी होती. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग नंदेसरीची औद्योगिक वसाहत आली, आणि सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा लांबलचक कालवा निघाला. या सगळ्यात दाद मागायची ती राज्य सरकारकडे किंवा कोर्टात. नगरसेवकाच्या हातात त्यातलं फारसं काही नव्हतं. त्यामुळे चळवळीतली माणसं पक्षांपासून लांब राहिली आणि पुढे त्या लांब राहण्याचीच सवय झाली.

विश्वामित्रीचं तसं नाही. पावागढच्या डोंगरात उगम पावून ती भर शहरातून वाहते. तिच्या काठची बांधकाम परवानगी, तिच्यात उतरणारं गटार, तिला मिळणाऱ्या कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले), हे सारं महापालिकेच्या अखत्यारीतलं. सयाजीराव महाराजांच्या काळात अजवा सरोवर बांधलं गेलं तेव्हापासून शहराचं पाणी आणि शहराचा पूर ही एकाच खोऱ्यातली गोष्ट आहे.

खरा वाद रिव्हरफ्रंटचा. अहमदाबादेत साबरमतीला भिंती बांधून काठ सपाट केले, तसंच इथं करायचं ठरलं. पण साबरमतीचं पात्र रुंद आणि वाळूचं. विश्वामित्री अरुंद, वळणावळणाची, दोन्ही बाजूंना कोतरं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, असलेली आणि मगरींनी भरलेली. ही कोतरं पावसाळ्यात पाणी पोटात घेतात. ती भरून जमीन काढली की ते पाणी वस्तीत शिरणारच. नागरिक हरित लवादात गेले. २०१६ मध्ये लवादाने पर्यावरण मंजुरीशिवाय काम करायला मनाई केली. २५ मे २०२१ च्या निकालात पूररेषेतला पट्टा आखून घ्यायला, अतिक्रमणं हटवायला, कोतरं आणि उपनद्यांसह नदी अखंड राखायला सांगितलं. इतका स्पष्ट निकाल हाती असूनही त्याची अंमलबजावणी मात्र ज्यांच्याविरुद्ध तो लागला त्यांच्याकडेच राहिली. माझ्या मते बडोद्याच्या पर्यावरण चळवळीचं वळण इथं आहे. निकालानंतरचा प्रत्येक निर्णय, म्हणजे किती निधी, कोणता ठेका, कुठलं अतिक्रमण आधी, हा स्थायी समितीतून जातो.

आणि स्थायी समितीच्याही आधी तो सत्ताधारी पक्षाच्या संकलन बैठकीत, म्हणजे पक्षाच्या नगरसेवकांच्या आधी होणाऱ्या अंतर्गत बैठकीत, जातो. २०२१ च्या निवडणुकीत १९ वॉर्डांतल्या ७६ जागांपैकी ६९ एकाच पक्षाला मिळाल्या, विरोधकांना ७. सर्व नगरसेवकांच्या समग्र सभेत अशा वेळी चर्चा होते, निर्णय बदलत नाही. तो संकलनात झालेला असतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना वॉर्ड समित्या दिल्या, पण सामान्य माणसाला नगरसेवक भेटतो तो पक्षाच्या वॉर्ड बैठकीतच. संकलनाला पक्षाच्या साध्या सभासदाला प्रवेश नाही, वॉर्ड बैठकीला आहे. तिथून वर गेलेली मागणी संकलनात नगरसेवकाच्या तोंडून येऊ शकते.

जुलै २०१९ चा पूर विसरायच्या आत ऑगस्ट २०२४ चा आला. धोक्याची पातळी २५ फूट असताना नदी ३५ फुटांच्याही वर गेली. लोकप्रतिनिधींना वस्त्यांमध्ये लोकांच्या रागाला तोंड द्यावं लागलं. २०२५ मध्ये शहर हद्दीतल्या सुमारे २४ किलोमीटर पात्रात खोली आणि रुंदी वाढवण्याचं काम घाईने उरकलं गेलं. पाणी वाहून जायला जागा हवी, हे अधिकाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण यंत्रांनी काठ कापले की मगरींची बिळं, अंडी घालायच्या जागा आणि माती धरून ठेवणारी झाडी जाते, आणि कोतरं भरलेली ती भरलेलीच राहतात.

वॉर्डात जाणाऱ्यांपुढे अडचणीही आहेत. पक्षाचं सभासदत्व घेतलं की शिस्त येते, आणि उद्या त्याच महापालिकेविरुद्ध अर्जदार होणं जड जातं. म्हणून काही जण आत जावेत, काही बाहेर राहावेत, असं मला वाटतं. आत जाणाऱ्यांनी वेळ मात्र सांभाळावी. अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त जानेवारीच्या सुमारास स्थायी समितीकडे देतात. आपल्या वॉर्डातली कांस मोकळी करण्याची किंवा कोतराची हद्द मोजून खांब रोवण्याची मागणी दिवाळीनंतर लगेचच्या बैठकीत मांडली, तरच ती त्यात येऊ शकते.