बधिर पाय आणि एमसीआरची चप्पल

ठाण्यात स्टेशन परिसरातल्या दुकानांत ‘शुगरवाल्यांची चप्पल’ मागणारं गिऱ्हाईक आता नवं नाही. मऊ रबराची ही एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल मुळात मधुमेहींसाठी बनलेलीच नव्हती. ती कुष्ठरोग्यांसाठी बनली, आणि मधुमेहात बधिर झालेला पाय वाचवण्याची विद्याही बरीचशी तिकडूनच आली.

लक्षणं मात्र आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होती. चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांच्या, पूर्वरूपांत (आधी दिसणाऱ्या लक्षणांत) ‘करपादयोः सुप्ततादाहौ’ म्हटलंय. हातापायांना बधिरता आणि आग. युरोपात बराच काळ उलटी समजूत होती: मज्जासंस्था बिघडते म्हणून मधुमेह होतो. मधुमेहामुळेच नसा खराब होतात, हे १८६४ मध्ये मार्शाल द काल्व्ही या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलं.

१९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. मधुमेही माणसं वर्षानुवर्षं जगू लागली, तशी नसांची दुखणी ठळकपणे दिसू लागली. बेल्जियमच्या जाँ पिरार यांनी १९४७ ते १९७३ या काळात सुमारे ४,४०० रुग्ण तपासले. निदानाच्या वेळी साधारण ७.५ टक्के लोकांच्या नसांवर परिणाम दिसत होता, २५ वर्षांनी निम्म्या लोकांच्या. चाळिशीत शुगर निघालेला माणूस पासष्टीला पोहोचतो, एवढाच हा काळ.

साखर आटोक्यात ठेवून हे टळतं का? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने टाइप १ च्या रुग्णांत काटेकोर नियंत्रणामुळे नसांचा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलं. टाइप २ मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांच्या मधुमेहात, फायदा इतका मोठा दिसला नाही. औषधांनी तर निराशाच केली. नसांत साचणारं सॉर्बिटॉल (साखरेपासून शरीरात बनणारा पदार्थ) रोखणाऱ्या गोळ्यांवर कितीतरी वर्षं खर्ची पडली. जपानमधलं एपालरेस्टॅट टिकलं, बाकीची बहुतेक मागे पडली. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन वेदना कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. बी-१२ च्या गोळ्यांवर आपला जरा जास्तच विश्वास आहे. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत, त्यातून शाकाहारी असतील तर, बी-१२ कमी पडू शकतं. ते तपासून भरून काढावं, पण शुगरने झालेली इजा त्याने भरून येत नाही.

बधिर पाय वाचवण्याचा खरा धडा तमिळनाडूतल्या वेल्लोरला मिळाला. १९४६ मध्ये तिथे आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत. दुखतच नाही, म्हणून माणूस चटका, खिळा, चपलेचा चावा सोसत राहतो आणि जखम खोल जाते. मऊ तळव्याची पादत्राणं या विचारातूनच आली. ब्रँड पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथलं ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू झालं. तळव्याला नायलॉनचा १० ग्रॅम दाबाचा धागा टेकवून संवेदना तपासण्याची पद्धतही याच परंपरेतली.

या पार्श्वभूमीवर आपल्या काही सवयी बघा. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणं, उन्हाने तापलेल्या देवळाच्या फरशीवर रांग लावणं, आग होते म्हणून तळव्यांना कढत पाण्याचा शेक. बागेतल्या ॲक्युप्रेशरच्या खडीवर ‘नसा मोकळ्या होतात’ म्हणून चालणारेही आहेत. बधिर पायासाठी ती खडी म्हणजे जखमेला आमंत्रणच. निदान वर्षातून एकदा डॉक्टरांकडे मोजे काढून धाग्याची तपासणी करून घ्यावी. काही मिनिटांचं काम आहे, पण ते करा असं बहुधा रुग्णालाच सांगावं लागतं.