हॅव

हॅव : इंग्रजी भाषेतील एक क्रियापद. शब्दकोशांत त्याचा पहिला अर्थ 'जवळ असणे, मालकीचे असणे' असा दिलेला असतो आणि शिकणाऱ्याच्या मनात तोच पक्का बसतो. प्रत्यक्ष वापरात मालकी हा या क्रियापदाच्या कामाचा लहानसा भाग आहे. इंग्रजीच्या मोठ्या लेखनसंग्रहांत सर्वाधिक वेळा येणाऱ्या पहिल्या दहा शब्दांत हॅव मोडते, ते मुख्यतः साहाय्यक क्रियापद म्हणून. रूपे : हॅव, तृतीयपुरुषी एकवचनात हॅज (जुने हॅथ), भूतकाळात व भूतकृदन्तात हॅड, आणि हॅविंग.

व्युत्पत्ती : प्राचीन इंग्रजीत मूळ रूप हब्बन असे होते. जर्मन हाबेन, डच हेबेन, गॉथिक (आता लुप्त झालेली, याच कुळातली भाषा) हाबान ही त्याची सख्खी भावंडे. यापुढचा प्रवास मात्र सरळ नाही. लॅटिनमध्ये 'जवळ असणे' यासाठी हाबेरे हे क्रियापद आहे. जर्मन हाबेन आणि लॅटिन हाबेरे शेजारी ठेवले, तर दोन्ही एकाच धातूची आहेत असे कोणालाही वाटेल. अर्थ एक, व्यंजने एक; जुन्या उच्च जर्मनमध्ये तर धातूनंतरचा दीर्घ ए-कारही जुळतो. तरीही हे साम्य फसवे आहे. रास्क या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये आणि ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये दाखवून दिलेल्या ध्वनिनियमानुसार मूळ इंडो-यूरोपीय (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी आदी भाषांची पूर्वज भाषा) क, त, प यांच्या जागी जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन, डच, गॉथिक यांची शाखा) अनुक्रमे ह, थ, फ येतात. म्हणजे जर्मानिक ह-च्या समोर लॅटिनमध्ये क असायला हवा. तसा धातू लॅटिनमध्ये आहे : कापेरे, 'पकडणे, घेणे'. मधल्या प-चा फ न होता ब का झाला, याचा उलगडा १८७० च्या दशकात डॅनिश भाषाशास्त्रज्ञ वेर्नरने केला. मूळ स्वराघात पुढील अक्षरावर असेल तर हा बदल होतो. तेव्हा हॅवचे खरे नाते लॅटिनमार्फत इंग्रजीत आलेल्या कॅप्चर, अक्सेप्ट, रिसीव्ह या शब्दांशी आहे. हाबेरेपासून आलेल्या हॅबिट किंवा एबल यांच्याशी नाही. 'उचलणे' या अर्थाचे हीव्ह हेही याच कुळातले, आणि घडणीने कापेरेला हॅवपेक्षा अधिक जवळचे. हॅव ही त्याच धातूपासूनची स्थितिदर्शक घडण मानली जाते : 'पकडणे' ही कृती झाली, 'पकडलेले असणे' ही त्यातून उरलेली स्थिती.

मग लॅटिन हाबेरेचे काय? लॅटिन ह बहुधा मूळ घ-पासून येतो आणि त्याच्या समोर जर्मानिकमध्ये ग येतो. त्यामुळे अनेक व्युत्पत्तिकार हाबेरेचा संबंध इंग्रजी गिव्ह, 'देणे', याच्याशी लावतात आणि प्राचीन आयरिश गाइविद, 'घेतो', हे रूप साक्षीला आणतात. संस्कृत गभस्ति (हात, पुढे किरण) हा शब्दही काही कोशकारांनी याच धातूखाली नोंदवला आहे. गिव्हमधील स्वर या व्युत्पत्तीत नीट बसत नाही, म्हणून काही अभ्यासक तो दुवा मान्य करत नाहीत. हाबेरे आणि हॅव वेगळ्या धातूंचे, याबद्दल मात्र आज फारसा वाद नाही. अर्थविकासात लॅटिनचा प्रभाव जर्मानिक क्रियापदावर पडला असणे शक्य आहे. तो प्रश्न व्युत्पत्तीचा नाही, संपर्काचा आहे.

उच्चाराबाबत एक बारकावा. लेखन सेव्ह, गेव्ह यांच्यासारखे असूनही हॅवचा स्वर ऱ्हस्व राहिला, कारण वाक्यात या शब्दावर सहसा आघात नसतो. आघातयुक्त दीर्घ स्वराचे जुने रूप 'वागणे' या अर्थाच्या बिहेव्हमध्ये टिकून आहे. तो शब्द याच क्रियापदाला बि- हा उपसर्ग लागून झाला आहे.

स्वामित्व : इंडो-यूरोपीय मूळ भाषेत 'जवळ असणे' यासाठी स्वतंत्र सकर्मक क्रियापद नव्हते, हे मत फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मेये यांनी १९२० च्या दशकात मांडले. बांव्हनिस्त यांनी १९६० मध्ये ते पुढे नेले. हॅवसारखे क्रियापद दिसायला सकर्मक असले तरी आशयाने ते 'एखाद्याला असणे' याचेच उलटवलेले रूप आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याचे कर्मणी रूप सहसा होत नाही, ही गोष्ट या मताला बळ देते. संस्कृतात 'मम पुस्तकम् अस्ति', लॅटिनमध्ये चतुर्थीसह 'असणे', रशियनमध्ये 'माझ्यापाशी आहे' अशी रचना सापडते. हॅव धाटणीचे क्रियापद असणे हा भाषांचा नियम नव्हे. स्तासन यांच्या २००९ मधील जागतिक तुलनेतही तो अनेक प्रकारांपैकी एक ठरतो.

मराठीही 'असणे'वाल्या भाषांतली. इंग्रजीत जिथे एक हॅव पुरते, तिथे मराठी नाते कोणत्या जातीचे आहे ते विभक्तीने आणि शब्दयोगी अव्ययाने सांगते. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे गाडी आहे', 'माझ्याजवळ सुटे पैसे आहेत', 'त्याच्यात धमक आहे', 'तिला ताप आहे'. यांतल्या पहिल्या वाक्यात 'माझ्याजवळ' घातले, तर भाऊ शेजारी बसलेले असावेत असे वाटेल. मराठीत 'बाळगणे' हे खरोखरच सकर्मक स्वामित्वदर्शक क्रियापद आहे. पण ते शस्त्र, राग, धीर, भीती अशा मोजक्याच कर्मांबरोबर चालते. हॅवला हे बंधन नाही. भाऊ, गाडी, ताप, वेळ, शंका, सगळे त्याला सारखेच. म्हणून हॅवचा मराठी प्रतिशब्द एका शब्दात देऊ नये, हेच बरे.

पूर्णकाळ : 'आय हॅव रिटन' (मी लिहिले आहे) या रचनेत मालकीचा मागमूस नाही. तिचा उगम मात्र मालकीतच आहे. 'माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेले' अशा अर्थाच्या वाक्यात कृदन्त हे कर्माचे विशेषण होते आणि प्राचीन इंग्रजीत ते कर्माप्रमाणे चालवलेही जाई. अँग्लो-सॅक्सन बखरीत (प्राचीन इंग्रजीतील सालवार नोंदींचा ग्रंथ) ७५५ या सालाखालील प्रसिद्ध नोंदीत (घटना ७८६ ची) राजा किनेवुल्फला मारेकरी घेरतात, 'त्यांनी त्याला ठार केलेला असेपर्यंत' लढतात. तिथे 'ठार केलेला' या कृदन्ताला पुल्लिंगी एकवचनी द्वितीयेचा प्रत्यय आहे, म्हणजे व्याकरण अजून विशेषणाचेच. पण मारेकऱ्यांपाशी राजा 'आहे' असे इथे कोणीच म्हणत नाही. अर्थ पुढे गेला होता, प्रत्यय मागे राहिला होता. ही नोंद या संक्रमणाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणावी लागेल. पुढे प्रत्यय गळाले आणि कृदन्त क्रियापदाला चिकटले. मराठी वाचकाला 'पत्र लिहून ठेवले आहे' यातील 'ठेवणे' आठवावे; धरून ठेवण्याच्या अर्थाचे क्रियापद काळाच्या किंवा पूर्णतेच्या अर्थाकडे कसे सरकते, ते तिथेही दिसते.

ही रचना जर्मानिक भाषांनी स्वतः घडवली की लॅटिनच्या नमुन्यावर, याबद्दल मतभेद आहेत. ड्रिंका यांनी २०१७ मध्ये पश्चिम यूरोपातील लॅटिन संपर्काला मोठे स्थान दिले. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलात ती प्रस्थापित झालेली दिसत नाही, ही बाब या मताला अनुकूल आहे. मात्र हे बीज भाषेत आधीच असावे आणि संपर्काने त्याला जोर आला असावा, हे मधले मत अधिक पटते. गतिवाचक क्रियापदांबरोबर पूर्वी हॅवऐवजी 'असणे' येई ('ही इज कम', तो आला आहे). अशा जागा हॅवने हळूहळू घेतल्या, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत जुनी रीत बहुतांशी मागे पडली.

बंधन : 'आय हॅव टू गो', मला जावे लागते. इथेही सुरुवात मालकीची : 'माझ्यापाशी काम आहे, करायला'. कर्म क्रियापदाच्या आधी येई तोवर ही फोड टिकली. शब्दक्रम बदलून कर्म शेवटी गेल्यावर 'हॅव टू' जोडीने ऐकू येऊ लागले. फिशर यांनी १९९४ मध्ये हे कारण पुढे ठेवले आणि बदलाचा काळ मध्य इंग्रजीच्या उत्तरार्धानंतरचा मानला. बंधनाचा अर्थ प्राचीन इंग्रजीतच होता असे मानणारेही आहेत. आज ही फारकत कानाला कळते. 'द बुक्स आय हॅव टू रीड' यात उच्चार 'हॅफ्टू' झाला तर पुस्तके वाचावीच लागणार आहेत. 'हॅव' स्पष्ट उच्चारले तर ती फक्त वाचायला हाताशी आहेत. तृतीयपुरुषी हॅजचेही असेच 'हॅस्टू' होते.

करवणे व सोसणे : चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये 'आय हॅड अ बुक स्टोलन' हे वाक्य चर्चेला घेतले. त्याचे तीन अर्थ होतात. माझे पुस्तक चोरीला गेले. मी कोणाकडून तरी पुस्तक चोरवले. आणि, पुस्तक चोरण्यात मी जवळजवळ यशस्वी झालो होतो. पहिल्यात कर्ता सोसणारा, दुसऱ्यात करवणारा, तिसऱ्यात स्वतः करणारा, आणि वाक्यातला एकही शब्द बदललेला नाही. मराठीत हे तीन अर्थ एका वाक्यात मावत नाहीत.

इतर उपयोग : 'हॅव अ लुक', 'हॅव अ ड्रिंक' अशा जोड्यांत अर्थ नामात असतो, हॅव केवळ क्रिया चालवते. 'हॅव अ ड्रिंक' चालते, पण 'हॅव अन ईट' का चालत नाही, या प्रश्नावर व्हिएझ्बित्स्का यांनी १९८२ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. 'हॅव गॉट' हे मुळात 'मिळवले आहे' असे पूर्णकाळाचे रूप. ते 'जवळ आहे' या अर्थाने रूढ झाले. अमेरिकन इंग्रजीत 'हॅव गॉटन' म्हणजे मिळवले, 'हॅव गॉट' म्हणजे जवळ आहे, असा भेद पाळला जातो. नकारात जुन्या ब्रिटिश 'हॅव्हन्ट'ची जागा स्वामित्वाच्या अर्थी 'डोन्ट हॅव'ने बऱ्याच अंशी घेतली आहे. भारतीय इंग्रजीतील 'आय एम हॅविंग टू ब्रदर्स' प्रमाण इंग्रजीत चुकीचे धरतात, कारण स्थितिदर्शक हॅवला चालू काळ लागत नाही. 'हॅविंग लंच' मात्र चालते, कारण ती कृती आहे.

साहाय्यक म्हणून आघात गेल्याने हॅव बोलण्यात नुसत्या 'व्ह'वर येते. 'हॅज' व 'इज' दोन्ही 'ज' किंवा 'स' होतात, 'हॅड' व 'वुड' दोन्ही 'ड' होतात, आणि नेमके कोणते ते पुढच्या शब्दावरूनच ओळखावे लागते. 'वुड हॅव'मधले हॅव तर षष्ठीच्या 'ऑव्ह'सारखे ऐकू येते, आणि इंग्रजी मातृभाषा असणारेही अनेकदा ते तसेच लिहितात.