रात्री झिरपणारी मुळं

वाळवंट म्हटलं की वाळूच्या टेकड्या आणि उंट, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेतली ऑरेगन ट्रेल ही स्थलांतरितांची जुनी वाट ज्या वाळवंटातून जाते तिथे असं काही दिसत नाही. शोशोनी आणि पायूट लोकांच्या या मुलखातून 1840 च्या दशकापासून बैलांच्या गाड्यांचे तांडे पश्चिमेला गेले. बेकर सिटीजवळ फ्लॅगस्टाफ टेकडीच्या पायथ्याशी त्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. उंची हजार मीटरहून जास्त. कॅस्केड पर्वत पॅसिफिकचे ढग अडवतो, त्यामुळे पाऊस बेताचाच आणि बराचसा ओलावा हिवाळ्यातल्या बर्फाचा.

चाकोऱ्यांच्या दोन्ही बाजूंना करड्या-रुपेरी झुडपांचं रान आहे. ते सेजब्रश, म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. पानाच्या टोकाला तीन दात, अंगावर बारीक लव, चुरडलं की उग्र वास. जोतिबाला वाहतात तो दवणाही आर्टेमिसियाच!

या झुडपाची खरी कमाल रात्री घडते. दिवसा पानांतून बाष्प उडतं आणि त्या ओढीनं मुळं पाणी खेचतात. वरचा थर आधी कोरडा पडतो. रात्री पर्णरंध्रं मिटतात, ओढ थांबते. पाणी नेहमी जास्त जलविभवाकडून कमी जलविभवाकडे जातं; जलविभव म्हणजे पाणी किती मोकळं आहे याचं माप, ते जितकं उणे तितकं पाणी घट्ट धरलेलं. खालच्या ओल्या मातीचं जलविभव शून्याच्या जवळ असतं. वरच्या कोरड्या मातीचं खूपच उणे, कारण तिचे कण पाणी जोरानं ओढतात. झाडाची मुळं या दोन थरांना जोडून असल्यामुळे खोलवरचं पाणी वर चढतं आणि बारीक मुळांतून उलटं मातीत झिरपतं. त्यासाठी झाडाला ऊर्जा खर्चावी लागत नाही. सकाळी तीच मुळं ते पाणी परत पितात. रिचर्ड्‌स आणि कॉल्डवेल या शास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हे दाखवलं. पुढे त्यांनी पाण्याचा माग काढता यावा म्हणून खोल मुळांना जड हायड्रोजन असलेलं पाणी पाजलं, तर ते शेजारच्या गवतात सापडलं!

आपल्याकडे हातात नारळ घेऊन फिरणारे पाणाडे ‘या झाडाखाली पाणी आहेच’ असं छातीठोक सांगतात. सेजब्रशनं वर आणलेली ओल मातीच्या कणांत धरलेली असते, तिच्यावर विहीर चालत नाही. भूजल खडक, भेगा आणि उतार यांवर ठरतं, नारळाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

आता संकट आहे ते चीटग्रास या परक्या गवताचं. ते उन्हाळ्याच्या तोंडावरच वाळतं आणि वणवे पसरवतं. जळालेला सेजब्रश बुंध्यातून पुन्हा फुटत नाही, त्याला बियांपासूनच उगवावं लागतं. आणि तो वाढायच्या आत चीटग्रास पुन्हा पेटतं.