लहान पटाची सरकारी हायस्कुले, गोवा : विद्यार्थीवर्ग आणि निकाल

गोव्याच्या शिक्षण खात्याने थेट चालवलेल्या, पाचवी ते दहावीचे वर्ग असलेल्या आणि पटावर शंभर-दीडशे किंवा त्याहूनही कमी मुले असलेल्या शाळा. 'लहान' हा शब्द येथे ढोबळ अर्थाने घेतला आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण आणि पेडणे या तालुक्यांच्या आतल्या गावांत अशा शाळा जास्त दिसतात. बार्देश, तिसवाडी, सासष्टी, मुरगाव या दाट वस्तीच्या तालुक्यांतही त्या आहेत, पण तिथे पट उतरण्याची कारणे निराळी आहेत. या शाळांची चर्चा वर्षातून एकदाच होते, दहावीच्या निकालाच्या दिवशी, आणि तीही एका टक्केवारीपुरती. ती टक्केवारी शाळेच्या जनरल रजिस्टरशेजारी (प्रवेश घेतलेल्या मुलांच्या नोंदवहीशेजारी) ठेवून वाचल्याशिवाय तिच्यातून फारसे काही कळत नाही.

पोर्तुगीज अमलात माध्यमिक शिक्षण म्हणजे मुख्यतः पणजीचे लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाची सरकारी माध्यमिक शाळा (१८५४). मराठी शिक्षण चालले ते लोकाश्रयावर. पणजीची मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था (१९०८) हे त्याचे ठळक उदाहरण. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर यांचे सरकार आले. त्या सरकारने गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा काढल्या, त्या बहुतांश मराठी माध्यमाच्या. त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी पुढे सरकारी हायस्कुले उभी राहिली. जिथे खासगी संस्था किंवा चर्च पोहोचले नव्हते तिथे सरकारच पोहोचले, म्हणून या शाळांचा नकाशा आजही डोंगराळ आणि विरळ वस्तीकडे झुकलेला आहे. सुरुवातीला शालान्त परीक्षा पुणे बोर्डाची होती. १९७५ मध्ये गोव्याचे स्वतःचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले; त्याचे कार्यालय पर्वरीला आहे.

पट कशाने उतरला याचे उत्तर हायस्कुलात नाही, प्राथमिक शाळेत आहे. १९९० पासून सरकारी अनुदान फक्त मराठी-कोकणी प्राथमिक शाळांना मिळत असे. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला आणि २०१२ नंतरच्या सरकारने तो चालू ठेवला. इंग्रजी शाळांच्या अनुदानाला विरोध करणारा भारतीय भाषा सुरक्षा मंच याच प्रश्नावर रस्त्यावर उतरला होता. आंदोलनाचे राजकारण काहीही असो, पालकांनी आपला कौल पायांनी दिला: ज्याला परवडते आणि ज्याच्या दारात गाडी येते त्याने मूल अनुदानित शाळेत घातले. त्या शाळांना सरकारच्याच योजनेतून 'बालरथ' बस मिळाल्या; सरकारी हायस्कुलाचा विद्यार्थी मात्र बहुधा कदंबच्या (सरकारी बसच्या) फेरीवर किंवा पायांवर अवलंबून राहिला. जन्मदर उतरला तसे वर्गातले बाकही रिकामे झाले. वाड्यावरची प्राथमिक शाळा दहा-बारा मुलांवर आली की चार-पाच वर्षांनी त्या भागातल्या हायस्कुलाची पाचवी तेवढ्यावरच येते.

जनरल रजिस्टरचे पान उघडले तर विद्यार्थ्याचे नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थान, आधीची शाळा असे रकाने दिसतात. काणकोणातल्या गावडोंगरी-खोतीगाव भागात किंवा सांग्यातल्या नेत्रावळी-रिवण पट्ट्यात जातीच्या रकान्यात वेळीप, गावडा, कुणबी ही नावे वारंवार येतात. सत्तरी-धारबांदोड्यात त्यांत धनगर-गवळी वाड्यांवरची मुले मिसळतात. होंडा, पिसुर्ले, कुंडई, वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींच्या आणि मुरगाव बंदराच्या आसपास मात्र जन्मस्थानाचा रकाना विजापूर, गदग, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड असा भरत जातो. आईवडील बांधकामावर, कारखान्यात किंवा मासळीच्या धंद्यात. ही मुले खासगी शाळांच्या प्रवेशाच्या रांगेत क्वचित दिसतात. दाखला अपुरा असला, वय जास्त असले, वर्ष अर्धे सरले असले तरी सरकारी शाळा त्यांना घेते, आणि तिचा पट टिकतो तो अनेकदा याच मुलांमुळे.

या आकडेवारीत दोन खाचखळगे आहेत. २००१ च्या जनगणनेत गोव्यातील अनुसूचित जमातींची संख्या होती अवघी ५६६. २०११ मध्ये ती १,४९,२७५ झाली, म्हणजे लोकसंख्येच्या १०.२३ टक्के. दरम्यान माणसे बदलली नव्हती. २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला एवढेच. 'आदिवासी विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढले' असे वाक्य एखाद्या जुन्या शाळेच्या अहवालात दिसले तर ते या पार्श्वभूमीवर वाचावे. धनगर-गवळी समाजाची त्याच यादीत जाण्याची मागणी अजून लोंबकळत आहे. दुसरी गोष्ट याच्या उलट: कर्नाटकात अनुसूचित जातीत मोडणारा लमाणी समाज गोव्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत नाही. त्यामुळे तक्त्यावर जी शाळा सर्वसाधारण दिसते तिच्या वर्गात पहिल्यांदाच पाटी धरणाऱ्या घरांतली मुले भरलेली असू शकतात. शाळांची माहिती नोंदवणाऱ्या केंद्र सरकारच्या यू-डायस प्रणालीत प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक आणि दरवर्षी भरायचा तपशील असतो, पण घरात अभ्यासाला बसवणारे कोणी आहे का, याचा रकाना त्यात नाही.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के आणि मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के होते. अंतर्भागातल्या सरकारी शाळेतले मूल साधारणपणे घरी कोकणी बोलते, चौथीपर्यंत मराठीतून शिकते आणि पाचवीत गेल्यावर गणित, विज्ञान, इतिहास हे सगळे त्याच्यापुढे इंग्रजीतून येते. लमाणी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला आणखी एक पायरी चढावी लागते. चांगले शिक्षक यावर आपला तोडगा काढतात. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरची व्याख्या इंग्रजी, समजावणे मात्र कोकणी-मराठीत. वर्गात तोंडी उत्तर अचूक देणारा मुलगा लेखी परीक्षेत त्याच प्रश्नाला गुण घालवतो, हा अशा शाळांतला रोजचा अनुभव आहे.

आता निकाल. गोवा मंडळाचा दहावीचा निकाल २०२३ मध्ये ९६.६४ टक्के आणि २०२४ मध्ये ९२.३८ टक्के लागला. परीक्षेला बसणारे विद्यार्थी साधारण एकोणीस-वीस हजार. म्हणजे संपूर्ण राज्याचा चढउतार सव्वाचार टक्क्यांचा. बारा मुलांच्या दहावीत एक मूल नापास झाले की निकाल ९१.६७ वर येतो, दोन झाली की ८३.३३ वर. एका मुलाच्या तापाने किंवा गणिताच्या एका पेपराने शाळा राज्याच्या सरासरीच्या वर किंवा खाली जाते. त्यामुळे 'शंभर टक्के निकाल' लावणाऱ्या सरकारी शाळांच्या बातमीत कौतुकाइतकेच अंकगणित असते, आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेला कारणे विचारणाऱ्या पत्रातही. लहान शाळेचा निकाल पाच वर्षांची मुले एकत्र मोजून काढावा. एका वर्षाच्या आकड्यावरून तिला शाबासकी देणे जितके उथळ तितकेच तिला फटकारणेही. शिवाय पाचवीत आलेली किती मुले दहावीला पोहोचली हा आकडा टक्केवारीत नसतो. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुले पुढे जात राहिली, तेव्हा सारी चाळणी नववीवर आली. दहावीचा निकाल राखण्यासाठी नववीत मुले गाळली जातात, ही तक्रार शिक्षक-पालकांत जुनीच आहे.

शिक्षकांची बाजूही पटाशीच बांधलेली आहे. तुकडी एकच असल्याने गणिताचा शिक्षकच विज्ञान घेतो. त्याची बदली झाली किंवा तो निवडणुकीच्या कामाला गेला तर दोन विषय एकदम थांबतात. मधली जागा तासिका तत्त्वावर भरली जाते. याच्या उलट बारा मुलांच्या वर्गात कोण गैरहजर आहे हे हजेरी न घेताही कळते, आणि गैरहजर मुलाच्या घरी निरोप संध्याकाळपर्यंत पोहोचतो. हा फायदा मोठ्या शाळेला पैशाने विकत घेता येत नाही.

घरच्या मिळकतीचा धक्का वर्गात उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो. २०१२ ची खाणबंदी आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केलेली ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे, यांनी डिचोली, सांगे, सत्तरी, धारबांदोड्यातल्या ट्रकवाल्या आणि मजुरी करणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न तोडले. शिकवणी हा पहिला खर्च कापला जातो. काजूचा हंगाम मार्च ते मे असतो. बोंडू (काजूची फळे) वेचायला सगळे घर डोंगरावर जाते आणि दहावीतला मुलगाही त्याच घरातला असतो. २०२४ ची शालान्त परीक्षा १ एप्रिलला सुरू झाली होती, २०२५ ची १ मार्चला. २०२५-२६ पासून माध्यमिक वर्गांचे नवे वर्षही जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले, त्यामुळे नववीतून दहावीत गेलेल्या मुलांचे पहिले आठवडे आता थेट याच हंगामात पडतात.