जॉन्सन यांचे मूळ कागद वाचायचेत? ऑस्टिनच्या एलबीजे लायब्ररीतील पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज प्रक्रिया

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावर काम करू पाहणारे विद्यार्थी साधारण दोन गटांतले असतात. एकाला वंशभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा करणारे जॉन्सन हवे असतात, तर दुसऱ्याला व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक सैनिक धाडणारे. दोघांनाही जावं लागतं ते एकाच ठिकाणी. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, टेक्सास विद्यापीठाच्या आवारात एलबीजे (लिंडन बेन्स जॉन्सन) प्रेसिडेन्शियल लायब्ररीची दहा मजली इमारत आहे. २२ मे १९७१ रोजी तिचं उद्घाटन झालं. तिथं सुमारे साडेचार कोटी पानं जपून ठेवलेली आहेत आणि सगळा कारभार अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अखत्यारीत चालतो.

नावात लायब्ररी असली तरी हे दफ्तरखाना आहे. पुण्याचं पेशवे दफ्तर किंवा मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार ज्यांनी पाहिलंय, त्यांना इथली रीत ओळखीची वाटेल. कपाटाशी जाऊन हवं ते काढायचं नाही. सूची पाहायची, मागणीचा कागद भरायचा आणि पेटी टेबलावर येण्याची वाट पाहायची.

पात्रता

पीएच.डी. नसली तरी चालते. विद्यापीठाचं पत्र नसलं तरी चालतं. अमेरिकेचं नागरिकत्वही लागत नाही. पत्रकार, शिक्षक, वकील, स्वतःच्या हौसेनं इतिहास वाचणारा माणूस, ज्याला मूळ कागद पाहण्याची खरी गरज आहे तो अर्ज करू शकतो. वाचनकक्षात बसण्याचं शुल्क नाही. त्याच इमारतीतल्या संग्रहालयाचं तिकीट ही वेगळी गोष्ट आहे, त्याचा संशोधनाशी संबंध नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण "आपल्याला कोण आत घेणार" या विचारानं आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं अर्जच करत नाहीत. अर्ज करा.

आधी घरबसल्या होणारं काम

विमानाचं तिकीट काढण्याआधी दोन-तीन महिने संगणकासमोर घालवा. लायब्ररीच्या 'डिस्कव्हर एलबीजे' या संकेतस्थळावर बराच ऐवज मोफत आहे: राष्ट्राध्यक्षांची रोजची दैनंदिनी, सहकाऱ्यांच्या आणि विरोधकांच्या मौखिक मुलाखती आणि टेलिफोनवरची संभाषणं. जॉन्सन यांनी आपले फोन ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. सुमारे ६४३ तासांचा हा साठा आपल्या मृत्यूनंतर ५० वर्षं बंद ठेवावा, अशी त्यांची इच्छा होती. जॉन्सन गेले २२ जानेवारी १९७३ ला. म्हणजे २०२३ पर्यंत कुणी ऐकायचं नाही, असा त्याचा अर्थ होत होता. लायब्ररीनं मात्र १९९० च्या दशकातच ध्वनिफिती टप्प्याटप्प्यानं खुल्या करायला सुरुवात केली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरनं यातली अनेक संभाषणं शब्दशः लिहून काढली आहेत. आवाज खरखरीत आणि टेक्सासचे उच्चार जाड असल्यामुळे ती लेखी प्रत शेजारी ठेवूनच ऐका.

याशिवाय अमेरिकी परराष्ट्र खात्याचे कागदपत्रांचे खंड ऑनलाइन आहेत. १९६४ ते १९६८ या काळाचा २५ वा खंड दक्षिण आशियाचा आहे. व्हिएतनाम धोरणावरचे अमेरिकी संरक्षण खात्याचे सुमारे ७,००० पानांचे गोपनीय 'पेंटॅगॉन पेपर्स' २०११ मध्ये संपूर्ण खुले झाले, तेही घरून वाचता येतात. एवढं वाचून झाल्यावर जे प्रश्न उरतील, त्यांच्यासाठी ऑस्टिनला जायचं.

विषय धरून नाही, तारीख धरून शोधा

व्हाइट हाउसच्या मध्यवर्ती फायली विषयांच्या सांकेतिक अक्षरांनी लावलेल्या आहेत. वंशसमानतेच्या फायली 'एचयू २' या संकेताखाली सापडतील. व्हिएतनामच्या 'एनडी १९/सीओ ३१२' खाली. युद्धाचे गोपनीय कागद आणखी वेगळ्या, राष्ट्रीय सुरक्षा फायलींच्या मालिकेत. नागरी हक्कांचा विद्यार्थी एचयूच्या पेट्या मागवतो, युद्धाचा विद्यार्थी एनडीच्या, आणि दोघं शेजारच्या टेबलांवर बसून दोन वेगळ्या माणसांबद्दल लिहितात. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते.

४ ऑगस्ट १९६४ हा एक दिवस घ्या. त्या दिवसाची दैनंदिनी उघडून तिच्या शेजारी त्याच दिवसाचे फोन लावा. सकाळपासून संरक्षणमंत्री मॅकनामारा यांचे फोन येतायत: उत्तर व्हिएतनामजवळच्या टॉन्किनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर पुन्हा हल्ला झाल्याची बातमी आहे. दिवसभर प्रत्युत्तराची आखणी चालते. रात्री आठच्या सुमारास एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचा फोन येतो. मिसिसिपीत २१ जूनपासून बेपत्ता असलेल्या तीन तरुण नागरी हक्क कार्यकर्त्यांचे, चेनी, गुडमन आणि श्वर्नर यांचे मृतदेह एका मातीच्या बंधाऱ्यात सापडले आहेत. चेनी कृष्णवर्णीय, बाकी दोघे गोरे. घरच्यांना कळवलं का, ओळख पटली का, अशी चौकशी त्याच रात्री चालू आहे, आणि ११ वाजून ३६ मिनिटांनी तेच जॉन्सन दूरचित्रवाणीवर येऊन उत्तर व्हिएतनामवरच्या हवाई कारवाईची घोषणा करतात. सकाळी बातमी आलेला तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झालं. पण ७ ऑगस्टला काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, टॉन्किनचा ठराव मंजूर केला, प्रतिनिधी सभेत ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी, आणि युद्धाला मोकळं रान मिळालं.

विषयवार पेट्या मागवणाऱ्याला ही रात्र अर्धीच दिसते.

असंच मार्च १९६५ चं. सात तारखेला अलाबामातल्या सेल्मा इथं मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि अश्रुधूर सोडला. आठ तारखेला अमेरिकी मरीन तुकड्या व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या. पंधरा तारखेला जॉन्सन यांनी काँग्रेससमोर मतदान हक्कांचं भाषण केलं. १९६८ मध्ये ३१ मार्चला त्यांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचं जाहीर केलं, ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला घरांच्या खरेदी-भाड्यात वंशभेदाला बंदी घालणाऱ्या कायद्यावर जॉन्सन यांची सही झाली. म्हणून अर्ज लिहिण्याआधी अशा आठ-दहा तारखांची यादी करा आणि प्रत्येक तारखेसमोर दोन्ही मालिकांतल्या पेट्यांचे क्रमांक लिहा. अर्ज आपोआप नेमका होतो.

अर्ज कसा करायचा

पहिली पायरी म्हणजे लायब्ररीच्या संशोधन विभागाला ई-मेल. तुमचा विषय पाच-सात ओळींत, काय काय वाचून झालंय ते, कोणत्या मालिका पाहायच्या आहेत आणि येण्याच्या संभाव्य तारखा. "मला जॉन्सनवर माहिती हवी आहे" एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढंच मोघम येईल. विषय नेमका असला तर तिथले अभिलेखपाल कोणत्या सूच्या पाहाव्यात, कोणती पेटी खुली आहे, कोणती ऑनलाइन आहे हे सांगतात. ही मदत अमूल्य आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत. हा पत्रव्यवहार जाण्याच्या निदान महिना-दीड महिना आधी सुरू करा आणि वाचनकक्षातली वेळ ठरवून घ्या. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्यांना वाचनकक्ष बंद धरूनच बेत आखा.

तिथं पोहोचल्यावर संशोधकाचा अर्ज भरायचा असतो: नाव, पत्ता, विषय, कामाचा हेतू. सोबत सरकारी छायाचित्र ओळखपत्र दाखवायचं. भारतातून जाणाऱ्यासाठी ते म्हणजे पासपोर्ट. आधार किंवा पॅन तिथं उपयोगाचं नाही. मग कर्मचारी नियम समजावून सांगतात, तुम्ही सही करता आणि कामाला बसता.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी मुंबईतलं, वांद्रे-कुर्ला संकुलातलं अमेरिकी वाणिज्य दूतावास. स्वतंत्र संशोधनासाठीची छोटी भेट बी-१ प्रकारात बसते. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, शुल्काची पावती, छायाचित्र, बोटांच्या ठशांची भेट आणि नंतर मुलाखत, असा क्रम आहे. शुल्क आणि भेटीच्या तारखा बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरतानाच अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

मुलाखतीला लायब्ररीशी झालेल्या पत्रव्यवहाराची छापील प्रत, संशोधनाचा एक पानी आराखडा, नोकरीचं किंवा विद्यापीठाचं पत्र असल्यास ते, खर्च कसा भागवणार याचा पुरावा आणि परतीचा बेत जवळ ठेवा. अभिलेखपालाचं "अमुक तारखांना वाचनकक्षात या" हे दोन ओळींचं उत्तर तुमचा हेतू लगेच स्पष्ट करतं. तिथल्या विद्यापीठानं बोलावलं असेल किंवा मानधन मिळणार असेल तर व्हिसाचा प्रकार वेगळा असू शकतो, ते त्या विद्यापीठालाच विचारा.

खर्चासाठी अनुदान

एलबीजे फाउंडेशनतर्फे 'मूडी रिसर्च ग्रँट' दिलं जातं. ते प्रवास आणि मुक्कामाच्या खर्चाला हातभार म्हणून आहे, सगळा दौरा त्यात निघेल असं समजू नका. अर्ज करण्याआधी अभिलेखपालांशी बोलून हव्या त्या विषयाचे कागद तिथं खरोखर आहेत याची खात्री करून घ्यायची असते. चालू रक्कम आणि शेवटची तारीख फाउंडेशनच्या संकेतस्थळावर मिळेल.

वाचनकक्षात

पिशवी, कोट, पेन बाहेर. आत पेन्सिल, लॅपटॉप, आणि फ्लॅश बंद केलेला कॅमेरा किंवा फोन. एका वेळी टेबलावर एकच पेटी उघडायची, पेटीतून एकच फोल्डर काढायचं, आणि पानांचा क्रम जसा आहे तसाच ठेवायचा. क्रम विस्कटला तर पुढच्या माणसाचा पुरावा हरवतो, कारण कोणत्या चिठ्ठीला कोणता कागद जोडलेला होता हीसुद्धा माहितीच असते. मूळ गोपनीय असलेल्या आणि नंतर खुल्या झालेल्या कागदांचे फोटो काढताना, तो खुला झाल्याची खूण फोटोत येईल याची काळजी घ्यायची असते. ती कशी, हे कर्मचारी दाखवतात.

फोटो काढताना एक सवय लावा: नवीन फोल्डर घेतलं की आधी त्याच्या शीर्षकाचा आणि पेटीच्या क्रमांकाचा फोटो, मग आतली पानं. दिवसाला पाचशे फोटो सहज होतात. घरी आल्यावर कोणतं पान कोणत्या पेटीतलं हे आठवत नाही, आणि क्रमांक नसलेलं पान प्रबंधात वापरता येत नाही.

फोल्डरमध्ये कागदाऐवजी यादी सापडली तर

युद्धाच्या फायलींत हे हमखास होतं. काढून ठेवलेल्या कागदांची एक तक्ता-चिठ्ठी असते: कागदाचा क्रमांक, प्रकार, तारीख, कुणाकडून कुणाला, आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर. ए म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणानं बंद. बी म्हणजे कायद्यानं किंवा मूळ खात्याच्या बंधनानं बंद. सी म्हणजे देणगीपत्रातल्या अटीमुळे, बहुधा एखाद्याच्या खासगी बाबींमुळे बंद.

इथं माहिती अधिकाराची सवय असलेले आपले लोक गोंधळतात. अमेरिकेतही माहिती स्वातंत्र्याचा कायदा आहे, पण जॉन्सन यांचे कागद देणगीपत्रानं सरकारकडे आलेले असल्यामुळे तो त्यांना लागू होत नाही. ए अक्षराच्या कागदासाठी 'मँडेटरी डीक्लासिफिकेशन रिव्ह्यू', म्हणजे गोपनीयतेच्या फेरतपासणीचा अर्ज करायचा. त्यात तक्त्यावरचा सगळा तपशील जसाच्या तसा लिहायचा: मालिका, पेटी, फोल्डर, कागदाचा क्रमांक, तारीख. "व्हिएतनामचे सर्व बंद कागद" असा अर्ज टिकत नाही. लायब्ररी तो कागद संबंधित खात्यांकडे पाठवते. नकार आला तर अपील करता येतं, आणि त्याच्याही पुढे आंतरखातेय अपील मंडळ आहे. या कामाला वर्षं लागू शकतात, म्हणून प्रबंध त्या एका कागदावर टांगून ठेवू नका, पण अर्ज जरूर टाका. आज खुले असलेले कितीतरी कागद असेच कुणी तरी मागितल्यामुळे खुले झाले.

मराठी संशोधकाला खुणावणाऱ्या पेट्या

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या इतिहासांत ऑगस्ट १९६६ ते फेब्रुवारी १९६७ या काळातल्या भारतातल्या दुष्काळावर स्वतंत्र संच आहे. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखालचा गहू जॉन्सन यांनी थोडा थोडा, हात आखडूनच सोडला, त्यामागचं राजकारण त्यात वाचायला मिळतं. रेशनच्या रांगेत लाल गव्हासाठी उभं राहिलेली पिढी आपल्या घराघरांत आहे. तिच्या आठवणी आणि हे कागद शेजारी ठेवून मराठीत काम व्हायला हवं. २७ मे १९६४ ही तारीखही टिपून ठेवा. नेहरू गेले त्या दिवशी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण अमेरिकेच्या दौऱ्यावर होते, आणि त्याच दिवशी फोनवर जॉन्सन आपले सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना सांगत होते की व्हिएतनाम लढण्याच्या लायकीचं वाटत नाही आणि बाहेरही पडता येईलसं दिसत नाही. हे संभाषण ऑनलाइन आहे, आजच ऐकता येईल. ३ ऑक्टोबर १९६५ चा स्थलांतर कायदाही पाहा. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गणपती बसवणाऱ्या बहुतेक मराठी घरांची वाट त्याच कायद्यानं मोकळी केली.

लिहिताना तळटीपेत कागदाचं नाव, तारीख, फोल्डर, पेटी क्रमांक, मालिका आणि शेवटी लायब्ररीचं नाव, या क्रमानं द्या. सरकारी कर्मचाऱ्यानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला कागद मुक्तपणे छापता येतो. सामान्य नागरिकानं राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्राचा हक्क मात्र त्या लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा राहतो, त्यामुळे ते पूर्ण छापण्याआधी परवानगीचं पाहा.