‘पॉलिगॅमी’: चर्चमधून मोहोरात, मोहोरातून खोप्यात

अकरावीतलं वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल. सरांनी आंब्याच्या मोहोराचा तुरा टेबलावर ठेवला आणि फळ्यावर लिहिलं, ‘फ्लॉवर्स: पॉलिगॅमस’. कुणीतरी डिक्शनरी उघडून ‘अनेक बायका असलेला’ एवढं पुटपुटला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. ‘‘हसून झालं असेल तर भिंग घ्या,’’ सर म्हणाले.

भिंगाखाली मोहोराचं फूल पाहण्यासारखं असतं. पाच इवल्या पाकळ्या, त्यांवर पिवळसर कंगोरे, जुन्या फुलात गुलाबी पडलेले. पुंकेसर बहुधा एकच धड, बाकीचे नावापुरते. काही फुलांच्या मधोमध मोहरीहून लहान असा फिकट गोळा दिसतो. तो अंडाशय. तो ज्यात आहे ते फूल द्विलिंगी, त्याचा आंबा होऊ शकतो. ज्यात नाही ते नुसतं नर, ते झडणारच. आणि ही दोन्ही एकाच तुऱ्यावर. द्विलिंगी आणि एकलिंगी फुलं एकाच जातीत सोबत नांदत असली की वनस्पतिशास्त्रज्ञ तिला ‘पॉलिगॅमस’ म्हणतात. बायकांचा इथे काही संबंध नाही.

मग हा शब्द इथे आला कुठून?

ग्रीकमध्ये ‘गामोस’ म्हणजे लग्न. समागम किंवा प्रजनन नव्हे. वऱ्हाड, जेवणावळी, सासर-माहेर यांच्यासकट लग्न. ‘पॉली’ म्हणजे अनेक. ‘बायको’ हा शब्द मुळात यात नाहीच. पुरुषानं अनेक बायका करणं याला नेमका शब्द ‘पॉलिजिनी’, बाईला अनेक नवरे असणं ही ‘पॉलिअँड्री’, आणि पॉलिगॅमी या दोघींची आई. शाळेत आपण याच खानदानातले आणखी दोन शब्द घोकतो आणि ओळखत नाही: ‘गॅमेट’ म्हणजे युग्मक, आणि ‘क्रिप्टोगॅम’ म्हणजे नेचे, शेवाळं यांसारख्या अबीजपत्री वनस्पती. क्रिप्टोगॅमचा शब्दशः अर्थ ‘चोरून लग्न करणारे’.

एकाच वेळी दोन संसार, हा अर्थसुद्धा या घराण्यात पहिल्यापासून ठाम नव्हता. मध्ययुगीन चर्चच्या कायद्यात पहिली बायको वारल्यावर दुसरी करणारा विधुरही ‘बिगॅमस’, म्हणजे द्विविवाही, ठरायचा, आणि विधवेशी लग्न करणाराही. अशा माणसाला पाद्री होता येत नसे. इंग्लंडमध्ये 1276 साली याच नावाचा कायदा झाला आणि धर्मपदावरच्या माणसांना खटल्यात मिळणारी सवलत अशा लोकांपासून काढून घेतली गेली. आपल्याकडे मुंबई प्रांतानं 1946 साली हिंदूंसाठी द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला, तो मात्र एकाच वेळी दोन बायका करण्याबद्दल. ‘दोन बायका, फजिती ऐका’ म्हणणाऱ्या समाजाला अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

चर्चमधला हा शब्द फुलांत नेला तो स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं. विशीतच, 1729 साली, त्यानं वनस्पतींच्या लग्नाच्या पूर्वतयारीवर एक निबंध लिहिला होता. 1735 साली त्यानं वनस्पतींचे 24 वर्ग पाडले, तेही मुख्यतः फुलातले पुंकेसर पाहून-मोजून, आणि त्यांचे पोटविभाग बहुधा स्त्रीकेसर मोजून. हिशोब सोपा होता, भाषा मात्र थेट मांडवातली. पुंकेसर नवरे, स्त्रीकेसर बायका, पाकळ्या म्हणजे त्यांची शेज. चोविसावा वर्ग चोरून लग्न करणाऱ्या क्रिप्टोगॅमियांचा, आणि तेविसावा ‘पॉलिगॅमिया’: जिथे नवरे आपल्या बायका आणि बिनलग्नाच्या स्त्रिया यांच्यासह वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, म्हणजे द्विलिंगी आणि एकलिंगी फुलं एकाच जातीत असतात.

या तेविसाव्या वर्गात त्यानं 1753 साली कुणाकुणाला बसवलं, हे पाहून मी मनापासून हसलो. केळ आहे. पिंपळ आहे. आणि वड आहे. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून ज्याला दोरा गुंडाळतात, तो वड लिनिअसच्या वहीत बहुविवाहवाल्यांच्या रांगेत! खरं तर वडाचं फळ फोडलं तर आत नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, द्विलिंगी एकही नाही. म्हणजे लिनिअसच्याच व्याख्येनं वड तिथे बसत नाही.

झेंडू-सूर्यफुलाच्या कुळापाशी तर त्याची लेखणी सुटलीच. या कुळातलं ‘फूल’ म्हणजे शेकडो पुष्पकांचा गुच्छ. झेंडूत मधली पुष्पकं द्विलिंगी, कडेची नुसती मादी, आणि बी दोघींनाही धरतं. म्हणजे लग्नाची बायको असताना बाहेरची कशाला, असा विचार करून त्यानं गटाला नाव दिलं ‘अनावश्यक पॉलिगॅमी’. सूर्यफुलाच्या कडेच्या पिवळ्या पुष्पकांना बी धरत नाही, म्हणून ती ‘फोल पॉलिगॅमी’. कॅलेंड्युलात बी फक्त कडेच्यांनाच धरतं, तेव्हा ती ‘आवश्यक पॉलिगॅमी’. निरीक्षण चोख, दृष्टी अठराव्या शतकातल्या घरमालकाची.

योहान सीगेसबेक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे अजिबात पचलं नाही. देवानं फुलांत असला व्यभिचार घातलाच नसता, असा त्याचा सूर होता. लिनिअसनं एका चिकट तणाला ‘सीगेसबेकिया’ नाव देऊन सूड उगवला, अशी गोष्ट सांगतात. पॉलिगॅमियाचा वर्ग मात्र नीतीनं नाही, गैरसोयीनं संपला. एकाच झाडावर कधी नर फुलं सापडायची, कधी नाही, आणि झाड या वर्गातून त्या वर्गात जायचं. लिनिअसचाच शिष्य थुनबर्ग यानं तो वर्ग मोडीत काढला. ‘पॉलिगॅमस’ हे विशेषण तेवढं उरलं, ते आमच्या फळ्यापर्यंत पोचलं.

प्राण्यांकडे शब्द आला तो पुन्हा ‘अनेक माद्या’ हाच अर्थ घेऊन. डार्विननं 1871 साली मांडलं की एका नराला अनेक माद्या असतात त्या जातींत नर-मादीतला फरक जास्त ठळक दिसतो. यातलं आपल्या घरचं उदाहरण अलिबागजवळच्या किहीमचं आहे. जर्मनीहून शिकून आलेले सालिम अली 1930 साली नोकरीविना तिथे राहत होते, आणि सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर तासन्‌तास नजर ठेवून होते. त्यांना दिसलं ते असं. नर खोपा अर्धा विणतो, शिरस्त्राणासारखा, आणि पंख फडफडवत लटकून राहतो. माद्या येतात, आत शिरून ओढून-ताणून पाहतात. पसंत पडला तर मादी मुक्काम करते. नर मग लांब नळी विणून खोपा पुरा करतो, आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

मराठी इथे दोनदा ठेचकाळते. विणकर नर आहे आणि आपण त्याला ‘सुगरण’ म्हणतो. आणि या वागण्याला पाठ्यपुस्तकी नाव आहे ‘बहुपत्नीत्व’. इंग्रजी वाचकाला ‘पॉलिजिनी’मधली ग्रीक बाई ऐकू येत नाही, आपल्याला ‘पत्नी’ मात्र लख्ख ऐकू येते, आणि पाठोपाठ सवत. पण खोप्यात निवड मादी करते, तीही नर पाहून नव्हे, घर पाहून. कमळपक्ष्यात उलटा प्रकार. मादी एका नरासाठी चार अंडी घालते आणि पुढच्या नराकडे जाते. उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नराचं. याला ‘बहुपतित्व’ म्हटलं की डोळ्यांसमोर द्रौपदी उभी राहते आणि तळ्यातला पक्षी उडून जातो. मी स्वतः ‘बहुमादी’ आणि ‘बहुनर’ लिहितो. कानाला ओबडधोबड वाटतात, पण निदान मांडव घालत नाहीत.

शब्दाची खरी पंचाईत पुढे झाली. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅकनं 1968 साली लिहिलं की गाणाऱ्या पक्ष्यांची 93 टक्के उपकुळं सामान्यतः एकनिष्ठ असतात. मग अमेरिकेत शेतीला उपद्रव देणाऱ्या लाल-खांद्यांच्या ब्लॅकबर्डची संख्या कमी करायला काही नरांची चक्क नसबंदी करून पाहिली. त्यांच्या हद्दीतल्या माद्यांनी घातलेल्या अंड्यांतली बरीच तरीही फळलेली निघाली. 1975 साली हे छापून आलं. दहाएक वर्षांत डीएनएवरून बाप ओळखण्याचं तंत्र हाती आलं, आणि वर्षानुवर्षं जोडीनं घरटं बांधणाऱ्या कितीतरी जातींत पिल्लांचा बाप शेजारी निघाला.

तेव्हापासून शास्त्रज्ञ दोन खाती लिहितात: घरटं कुणाबरोबर, आणि पिल्लं कुणाची. पहिलं ‘सामाजिक’, दुसरं ‘जनुकीय’. एकच पक्षी पहिल्या खात्यात एकनिष्ठ आणि दुसऱ्यात बहुनर असू शकतो, आणि दोन्ही नोंदी बरोबर असतात. माझ्या एका लेखात मी हे असंच लिहून पाठवलं होतं. प्रूफ परत आलं तेव्हा ‘बहुनर’ खोडून वर लाल शाईनं लिहिलं होतं, ‘व्यभिचारी?’