हवेत उचललेलं चाक

शर्यतीतल्या सेडान गाड्यांचे फोटो नीट पाहिलेत, तर एक गोष्ट हमखास दिसते. गाडी वळणात शिरली आहे, पुढची दोन्ही चाकं रस्त्याला घट्ट धरून आहेत आणि मागचं, आतल्या बाजूचं चाक चक्क चार बोटं वर उचललं गेलंय. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. पण ते चाक तसं उचललं जावं, अशीच मेकॅनिकने गाडी बांधलेली असते. मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

आपल्या राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतींत ‘इंडियन टुरिंग कार्स’ आणि ‘ज्युनिअर टुरिंग कार्स’ या गटांत मारुती एस्टीम, होंडा सिटी अशा गाड्या धावल्या. म्हणजे एरवी लग्नाला आणि ऑफिसला नेल्या जाणाऱ्याच. सीझनच्या फेऱ्या प्रामुख्याने दोन ट्रॅकवर होत आल्या: कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. गाडीतून मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरं सगळं काढून टाकतात, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करतात, स्प्रिंगा कडक आणि आखूड बसवतात. इंजिनावरही मेहनत घेतात, पण लोक त्याच्याबद्दलच फार बोलतात. खरा खेळ रबर आणि डांबर जिथे भेटतात तिथे आहे.

ती भेटीची जागा केवढी? गाडी १००० किलोची धरा, टायरमधली हवा ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा दाब. एका चाकावर २५० किलो आले, तर रस्त्याला टेकलेला तुकडा जवळपास १२० चौरस सेंटिमीटरचा निघतो. एका पोस्टकार्डाएवढा. वळणं, ब्रेक, वेग, सगळं या चार पोस्टकार्डांच्या भरवशावर.

५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण घ्या. साध्या टायरचा घर्षणांक ०.८ धरला, तर तिथून ताशी ७१ किलोमीटरच्या आसपासच जाता येतं. शर्यतीच्या बिननक्षीच्या, गरम झाल्यावर मऊ पडणाऱ्या स्लिक टायरने तो १.३ झाला, तर ९१. या हिशेबात गाडीचं वजन कुठेच येत नाही. ते दोन्ही बाजूंनी कटतं. मग गाडी हलकी करायची धडपड कशाला? वेग लवकर पकडता यावा आणि ब्रेक उशिरा मारता यावा, हे झालंच. पण वळणातही वजन नडतं, कारण वरचा हिशेब शाळेतल्या ठोकळ्याचा आहे, रबराचा नाही. रबरावर भार वाढवत नेला की पकड वाढते खरी, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. मागे पडत जाते.

वळणात गाडीचा भार बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. किती? गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १४५ सेंटिमीटर आणि बाजूचा जोर वजनाइतकाच धरला, तर १००० किलोंपैकी जवळजवळ ३८० किलो एका बाजूकडून दुसरीकडे जातात. हा भार पुढच्या आणि मागच्या जोडीत निम्मा-निम्मा वाटला धरला, तर २५०-२५० किलो पेलणाऱ्या चाकांची जोडी आता ४४० आणि ६० वर येते. समजावं म्हणून घर्षणांक अनुक्रमे ०.९ आणि १.१ धरू, २५० किलोला नेमका १. आधी दोघांची मिळून पकड ५०० होती. आता ३९६ अधिक ६६, म्हणजे ४६२. बाहेरच्या चाकाने जे कमावलं, त्याहून जास्त आतल्याने गमावलं. गाडी पाच सेंटिमीटर खाली बसवली, तर हलणारा भार ३४५ किलोंवर येतो. खुजी गाडी वळणात जिंकते ती त्यामुळे.

भाराचं हे सरकणं पूर्ण थांबवता येत नाही. पण त्याचा फटका पुढच्या जोडीला जास्त बसावा की मागच्या, हे मात्र ठरवता येतं. एस्टीम काय, सिटी काय, या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या. ओढायचं पुढच्यांनी, वळवायचं पुढच्यांनी, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. म्हणून मागे जाड अँटी-रोल बार लावतात, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी पिळली जाणारी दांडी. सरकणाऱ्या भाराचा मोठा हिस्सा ती मागच्या जोडीवर ओढून घेते. मागचं आतलं चाक हलकं होत होत शेवटी जमीन सोडतं. त्या बदल्यात पुढचं आतलं चाक टेकून राहतं, जागच्या जागी फुकट फिरत नाही आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनाची ताकद रस्त्यावर उतरते.

इंदूरला आमच्या घरी एस्टीम होती. तिचे पुढचे टायर बाहेरच्या कडेने झिजत. मिस्त्री टायरवरून आडवा तळवा फिरवायचा. एकीकडून रबर गुळगुळीत लागे, उलट फिरवला की हाताला खरखरे. मलाही त्याने हात लावून पाहायला सांगितलं होतं. शर्यतीत टायरवरून गाडीची चूक ओळखायचं हेच काम सुई असलेला थर्मामीटर करतो: गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या दुरुस्तीच्या जागी, आली की टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजतात. मध्य जास्त तापला तर हवा जास्त. बाहेरची कड तापली तर चाकाचा वरचा भाग आणखी आत झुकवायला हवा.

आमच्या इंदूरजवळ पिथमपूरला जून २०२१ मध्ये सुरू झालेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे. तो शर्यतीसाठी नाही, गाड्या तपासण्यासाठी आहे. तिथे वळणावर रस्ताच तिरका उचललाय, तोही असा, की ताशी २५० किलोमीटरला गाडी स्टिअरिंग न वळवता वळते. तिथे टायरला बाजूला खेचणारं काही उरत नाही. भार सरळ खाली, चारही पोस्टकार्डांवर दाबला जातो. त्या वेगाला डॅशबोर्डवर चहाचा ग्लास ठेवलात, तर चहा एका काठाकडे झुकणार नाही.